आकाशातील वीज आणि तारेतील वीज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा तिच्या व्यासपीठावरून विद्वान बोलत असत. पुढे हे लोण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले, आणि आता तर ते इतके खाली उतरले आहे की, आमच्यासारख्या सातवी नापास माणसाला आपण ऐकावयास बसला आहात. आमची शाळा म्हणजे साखर कारखान्याचा विद्युत विभाग. तेथे एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली आम्ही पक्कड आणि पाने पुरविण्याचे काम करीत होतो. पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेथे कायद्याची पुस्तके वाचल्यावाचून भागेना, म्हणून ती वाचली. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते निम्मे पकडीने शिकविलेले आणि निम्मे पुस्तकांनी शिकविलेले आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कळविले, ‘उच्च दाबाची तार बिघडते तेव्हा घरातील वायरिंग का जळते?’ बहुधा त्यांची अपेक्षा कामगार चळवळीवरच्या भाषणाची असावी. परंतु हा विषय चळवळीबाहेरचा आहे, असे आम्हांला वाटत नाही. का वाटत नाही, ते शेवटपर्यंत ऐकल्यावर आपणच ठरवा.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्या मराठीत ढगांतून पडते तीही वीज, आणि तारेतून येते तीही वीज. या एका शब्दाने आपली मोठी फसगत केली आहे. वळवाच्या पावसात गल्लीतील दहा घरांचे पंखे जळाले, की आपण म्हणतो, ‘वीज पडली हो, नशीब आमचे!’ पुष्कळदा तेथे आकाशातून काहीच पडलेले नसते. आकाशातील वीज पडते. तारेतील वीज आणलेली असते. ती माणसांनी निर्माण केली, माणसांनी खांब रोवून आणली, आणि तिला धरून ठेवण्याचे नियमही माणसांनीच केले. आणलेल्या वस्तूचा हिशेब विचारता येतो. नशिबाचा विचारता येत नाही. आजच्या भाषणातील मुद्दा इतकाच आहे.

आपल्या कर्जतला दुसरे एक नावाचे भावंड आहे, भोर घाटाच्या पायथ्याचे. त्याची पत्रे आपल्याकडे आणि आपली त्याच्याकडे जातात, हा आपला जुना अनुभव. त्या कर्जतच्या बाजूला, घाटाखाली भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२ साली सुरू झाले; त्याआधी १९१५ साली शेजारच्या खोपोलीला झालेच होते. सह्याद्रीवर अडविलेले पाणी घाटाखाली सोडून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविली गेली. गिरणीत विजेचा दिवा त्याहून आधी आला होता, आणि त्याने काय केले? सूर्य मावळला म्हणजे काम थांबे, ते थांबेनासे झाले. १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार बिथरले, ओरड झाली, आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणून बांधला. दिव्याचा दोष नव्हता. दिव्याबरोबर जो नियम यावयास हवा होता, तो मागाहून आणि भांडून आणावा लागला. खेड्यापाड्यांत वीज नेण्याचे मोठे काम २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात झाले. आपल्या आईबापांनी पहिला दिवा लागला तेव्हा त्याला हात जोडले. हात जोडले ते योग्यच केले. पण खांबावर काय बांधले आहे, हे पाहावयाचे मात्र राहून गेले.

आता एक हकीकत सांगतो. ती कर्जतची नाही. दुसऱ्या एका जिल्ह्यात, आम्ही संघटनेचे काम करीत होतो तेथील कामगारांच्या वस्तीची आहे. गावाचे नाव सांगत नाही, वीज पुरविणाऱ्यांचेही सांगत नाही, कारण आमची तक्रार एका गावापुरती नाही.

चाळीसेक घरांची वस्ती. तिच्या तोंडाशी रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते. वस्तीच्या रस्त्यावरून घरगुती विजेच्या तारा गेलेल्या, आणि त्यांना आडवी, त्यांच्या डोक्यावरून, अकरा हजारांची लाइन. वैशाखातील संध्याकाळ. वावटळ सुटली, पावसाचे चार टपोरे थेंब आले, आणि वरची तार तुटून खालच्या तारांवर पडली. मोठा आवाज झाला. घराघरांत दिवे क्षणभर पांढरे फटक पेटले आणि फुटले. दूरदर्शनचे संच, पंखे, मीटर यांतून धूर निघाला. लाकडी बोर्डांवर काळे डाग पडले. सुदैवाने माणूस कोणी गेले नाही.

तासाभराने वायरमन आला. तो कंत्राटी, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, सायकलीवर पक्कड बांधून आलेला. लोकांनी त्यालाच धरले. ‘तुमच्यामुळे आमची घरे जळाली,’ म्हणून एकाने त्याची कॉलर पकडली, दुसऱ्याने काठी आणली. आम्ही मध्ये पडलो. ‘अरे, याला महिन्याला जे मिळते त्यात तुमचा एक पंखा यायचा नाही. याला मारून काय मिळणार?’ असे ओरडलो. लोक आम्हांला ‘भाऊ’ म्हणत, म्हणून थांबले. पोरगा घाबरून खांबाला पाठ लावून उभा होता. आम्ही त्याला म्हटले, ‘पोरा, काय झाले ते उद्या उजेडात आम्हांला दाखव.’

दुसऱ्या दिवशी त्याने दाखविले. ते समजण्यासाठी वीज घरात येते कशी, हे थोडे पाहावे लागेल. कंटाळू नका, यात बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित नाही.

उपकेंद्रातून निघालेली लाइन बहुतेक ठिकाणी अकरा हजार व्होल्टची असते. डीपीत तिचा दाब उतरतो. तेथून चार तारा निघतात. तीन फेज, आणि चौथी न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांमधील दाब २३०, आणि दोन फेजांमधील सुमारे ४००. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल अशा दोन तारा येतात. घरातील वायरीवर जे प्लॅस्टिकचे आवरण असते, ते ११०० व्होल्टच्या प्रतीचे असते, असे वेटोळ्यावर छापलेलेच असते. अकरा हजारांच्या लाइनीतील एका तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट. म्हणजे अकराशेच्या अंगरख्यावर सहा हजारांचा घाव. तो अंगरखा फाटणारच.

मग वरची तार खाली पडली की प्रत्येक वेळी घरे जळतात का? नाही. येथे दोन राखणदार ठेवलेले असतात. पहिला राखणदार म्हणजे तारांची जाळी, जिला गार्डिंग म्हणतात. दोन लाइनी एकमेकींना ओलांडतात तेथे वरच्या लाइनीखाली ही जाळी बांधून ती जमिनीशी जोडावयाची असते. तार तुटलीच, तर ती खालच्या तारांवर न पडता जाळीवर पडावी, जमिनीला लागावी, आणि उपकेंद्रातील यंत्राने ते ओळखून लाइन तोडावी, अशी योजना. दुसरा राखणदार म्हणजे डीपीचे अर्थिंग. न्यूट्रल तार डीपीपाशी जमिनीत पुरलेल्या पट्टीशी जोडलेली असते. अर्थिंग चांगले असले, तर आगंतुक दाबाला जमिनीत उतरावयास मोठी वाट मिळते, प्रवाह एकदम वाढतो, आणि उपकेंद्रातील यंत्र पटकन लाइन पाडते. अर्थिंग वाईट असले, तर वाट अरुंद होते. यंत्राला गुन्हेगार ओळखावयास उशीर लागतो, आणि तेवढ्या वेळात दाब न्यूट्रलवर चढून घराघरांत शिरतो.

हे नियम कोणाच्या मर्जीचे नाहीत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ते स्पष्ट लिहिलेले होते. डीपीची न्यूट्रल निदान दोन स्वतंत्र जोडण्यांनी आणि दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली पाहिजे. सार्वजनिक जागेवरून जाणारी तार तुटली तर ती निर्जीव होईल, अशी व्यवस्था असली पाहिजे. घरगुती विजेचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा शेकडा सहाहून अधिक वरखाली होता कामा नये. म्हणजे २३० धरले तर २१६ ते २४४ च्या आत. पुढे २००३ चा वीज कायदा आला, आणि त्या जुन्या नियमांची जागा केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी घेतली. पण तुटलेल्या तारेने माणसाला इजा होऊ नये ही जबाबदारी पुरविणाऱ्याची, हे तत्त्व काही बदललेले नाही.

आता त्या पोराने काय दाखविले ते ऐका. गार्डिंगच्या तारा गंजून एका बाजूने केव्हाच गळून पडल्या होत्या. कित्येक वर्षे कोणी वर पाहिलेच नव्हते. हा एक दोष. डीपीच्या पायाशी अर्थिंगची पट्टी जमिनीतून वर यावयाची, तेथे नुसता कापलेला तुकडा होता. पट्टी चोरीस गेलेली. पोरगा खाली मान घालून म्हणाला, ‘भाऊ, हे मी काल रात्री सांगितले असते तर मला जास्त मारले असते.’ चौकशी केली तेव्हा कळले की, पट्टी वस्तीतल्याच कोणीतरी कापून भंगारात विकली होती. किती आले असतील? शे-दोनशे रुपये. त्या शे-दोनशेंसाठी चाळीस घरे उघडी पडली, आणि तीही उघडी पडली आहेत हे पाहावयास वरून कोणी आले नाही.

मंडळी, संघटनेच्या कामात असा प्रसंग वरचेवर येतो. दोष सगळा समोरच्याचा असेल, तर भाषण करणे सोपे. येथे तो दोन्ही बाजूंस होता. आम्ही सभा घेतली आणि दोन्ही गोष्टी बोललो. काही लोक रागावले. ‘भाऊ, तुम्ही आमचे की त्यांचे?’ असे विचारणारेही निघाले. आम्ही म्हटले, ‘पट्टी आपल्यातल्या कोणी विकली हे लपविले, तर गार्डिंग गंजले हे सांगावयास आपल्याला तोंड राहत नाही.’

त्या वस्तीत तार पडली होती. पण तार न पडताही घरे जळतात, आणि हा प्रकार पुष्कळ अधिक वेळा घडतो. तो म्हणजे न्यूट्रल तुटण्याचा. डीपीकडे जाणारी ती चौथी तार कोठेतरी सैल झाली, जोडात गंजली किंवा वाऱ्याने तुटली, की काय होते? दोन शेजारी घरे घ्या, एकेका वेगळ्या फेजवरची. न्यूट्रल तुटली की दोन्ही घरे मिळून एका माळेत ओवली जातात आणि त्या माळेवर ४०० व्होल्ट येतात. हे ४०० दोघांत सारखे वाटले जात नाहीत. एका घरात हजार वॅटची शेगडी चालू आहे, दुसऱ्या घरात शंभर वॅटचा एकच दिवा आहे, असे समजा. हिशेब केला तर शेगडीच्या घराला सुमारे ३६ व्होल्ट मिळतात, आणि दिव्याच्या घरावर सुमारे ३६४ येतात. शेगडी थंड पडते आणि दिवा फुटतो. ज्याचा भार थोडा, त्याच्यावर दाब जास्त. हा निसर्गाचा नियम आहे, पण आम्ही जेव्हा तो प्रथम समजून घेतला, तेव्हा आम्हांला तो वस्तीवस्तीत पाहिलेल्या गोष्टींसारखा वाटला. २३० साठी केलेल्या वस्तूवर ४०० आले तर तिच्यात उष्णता जवळजवळ तिप्पट होते. ती किती वेळ टिकेल, ते सांगावयास नको.

याची खूण साधी आहे. घरातील दिवे अकारण फार प्रखर झाले, किंवा शेजाऱ्याने मोटार लावली की आपला दिवा मंद होण्याऐवजी उजळला, तर क्षणभर थांबू नका. मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, आणि तक्रार नोंदवा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक साऱ्या देशात एकच आहे.

आता आमच्या हकीकतीतील वाईट भाग. तो आमच्या स्वतःच्या चुकीचा आहे.

संघटनेने जोर लावला म्हणून दोन दिवसांत नवी तार ओढली गेली, अर्थिंगची पट्टी बसली, गार्डिंगही बांधले गेले. संध्याकाळी वीज आली तेव्हा आम्ही वस्तीत होतो. लोक मेन स्विचला हात लावावयास भीत होते. आम्ही मोठ्या आनंदात घरोघर फिरून सांगितले, ‘लावा, लावा, काही होत नाही आता.’ वस्तीत एक विधवा बाई शिवणकाम करीत. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या रात्री त्यांच्या घरचा एक दिवाच तेवढा फुटला होता. शिवणयंत्राच्या मोटारीची पिन काढून ठेवलेली, म्हणून मोटार वाचली. आम्ही म्हटले, ‘मावशी, तुमचे नशीब बलवत्तर.’ त्यांनीही देवाला साखर ठेवली.

एकविसाव्या दिवशी दुपारी त्यांच्या लाकडी बोर्डामागे वायर धुमसली, आणि खुंटीवर टांगलेले कपडे पेटले. लग्नसराईचे दिवस. लोकांची कापडे होती ती. ब्लाऊज, परकर, एका नवऱ्या मुलीची साडी. मावशी पाण्यासाठी बाहेर गेल्या होत्या, म्हणून जीव वाचला.

काय झाले होते? त्या रात्री सहा हजारांच्या घावाने वायरीचे आवरण बोर्डामागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, करपले होते. करपलेल्या आवरणाचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज थोडी थोडी वाहते. रोज थोडी वाहिली, रोज थोडी तापली, रोज थोडा कोळसा वाढला. दिवा लागत होता, यंत्र चालत होते, सगळे ठीक दिसत होते. आग त्या रात्रीचीच होती, फक्त ती एकवीस दिवसांनी वर आली.

हे आधी ओळखता आले असते. मेगर नावाचे यंत्र असते. ते वायरीवर ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देते आणि आवरण किती धरून आहे, ते दाखविते. ते निदान एक मेगओहम भरावे, हाही जुना नियम. परवानाधारक वायरमनला एका घराला अर्धा तास पुरतो. आम्ही विद्युत विभागात उमेदवारी केलेली, मेगर हाताळलेला, म्हाताऱ्या वायरमनने शंभरदा सांगितलेले, ‘जळलेल्या लाइनीला मेगर लावल्याशिवाय फ्यूज घालायची नाही.’ आणि आम्हीच घरोघर जाऊन ‘लावा, लावा’ म्हणत फिरलो. मोर्चा जिंकल्याच्या आनंदात कारागिरीचा पहिला धडा विसरलो.

मावशींना भरपाई मिळाली नाही. ज्यांनी जळालेले संच जपून ठेवले होते, खरेदीची पावती होती आणि पंचनाम्यात नाव होते, त्यांतल्या काहींना पुष्कळ खेटे घातल्यावर थोडीफार रक्कम मिळाली. मावशींचे नाव पंचनाम्यात नव्हतेच, कारण त्या रात्री त्यांचे ‘काही गेले नाही’ असे आम्हीच लिहून दिले होते. आग लागली त्या दिवशी लाइनीत बिघाड नव्हता, असे उत्तर आले. कागदावर ते बरोबर होते. शेवटी वस्तीने वर्गणी काढली. सगळ्या बायकांनी आपली जळालेली कापडे मागितली नाहीत. नवऱ्या मुलीची साडी मात्र मावशींनी स्वतःच्या पैशांनी भरून दिली. आम्ही पैसे देऊ केले तर म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही पुढच्या खेपेला नीट सांगा, म्हणजे झाले.’ आज आम्ही येथे उभे आहोत, ते त्यासाठी.

म्हणून नीट सांगतो.

तार खाली पडलेली दिसली तर ती मेलेली आहे, असे कधी समजू नका. आपल्या कर्जतची जमीन वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी ठणठणीत असते. कोरड्या मुरमावर पडलेली तार पुष्कळदा उपकेंद्राला कळतच नाही, आणि ती जिवंतच राहते. निदान तीस-पस्तीस फूट दूर राहा. तारेच्या पडल्या जागेपासून जमिनीत दाब पसरत जातो. दोन पावलांत जितके अंतर जास्त, तितका धक्का जास्त. बैल आणि म्हैस माणसाच्या आधी मरतात ते याचमुळे, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे. जनावर पडले म्हणून त्याला सोडवावयास धावू नका. आधी वीज बंद झाल्याची खात्री करा. आपण स्वतः अशा जागी सापडलो, तर ढांगा न टाकता पाय जुळवून, न उचलता, सरकत सरकत बाहेर या.

घरात बिघाड झाला तर मेन स्विच बंद करा, आणि मेगर लावल्याशिवाय तो पुन्हा लावू नका. संच चालू होतो म्हणून वायर शाबूत आहे, असे नाही. ज्याचे काही गेले नाही, त्याच्या घराला तर आधी मेगर लावा.

पुष्कळांना वाटते, एमसीबी बसविली म्हणजे सगळे झाले. एमसीबी प्रवाह वाढला की पडते. वाढलेला दाब तिला ओळखता येत नाही. गळतीवर पडणारा जो स्विच असतो, तो माणसाचा जीव वाचवितो, म्हणून तो अवश्य बसवा. पण तोही दाब अडवीत नाही. दाब वाढला की लाइन तोडणारे वेगळे उपकरण मिळते. ज्यांना परवडेल त्यांनी ते घ्यावे. पण अकरा हजारांची तार अंगावर पडली, तर घरातील कोणत्याही डबीवर भरवसा ठेवता येत नाही. तो भरवसा खांबावरच्या जाळीवर आणि डीपीखालच्या पट्टीवरच ठेवावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या घराचा नाही.

गल्लीने मिळून वर्षातून एकदा, वळवाच्या आधी, वर पाहावे. गार्डिंग आहे का, तारांचा झोळ आला आहे का, झाडाची फांदी लागते आहे का, डीपीची पट्टी शाबूत आहे का? हात लावावयाचा नाही, नुसते पाहावयाचे आणि लिहून द्यावयाचे. अर्जाची पोच घ्यावी. बिघाडाआधी दिलेला एक अर्ज बिघाडानंतरच्या दहा मोर्च्यांपेक्षा अधिक कामाचा असतो, हे आम्ही मोर्चे काढण्यात आयुष्य घालवून सांगतो.

बिघाड झालाच तर प्रत्येक घराची नोंद करा, नुकसान दिसो वा न दिसो. जळालेली वस्तू भंगारात घालू नका. छायाचित्रे काढा, पंचनामा मागा, लेखी तक्रार द्या. माणूस किंवा जनावर दगावले किंवा जखमी झाले, तर विद्युत निरीक्षकाला कळविणे कायद्याने भाग आहे. २००३ च्या कायद्याने प्रत्येक वीज वितरकाला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवावा लागतो, आणि त्यावर विद्युत लोकपाल असतो. १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वीजपुरवठा ही सेवा आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका खटल्यात निकाल दिला. १९९७ च्या ऑगस्टमधील पावसाळी रात्री कारखान्यातून सायकलीवर घरी निघालेला एक कामगार, पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवर जाऊन गेला. विद्युत मंडळ म्हणाले की, कोणा परक्याने वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, आमचा दोष नाही. न्यायालयाने ते ऐकले नाही. धोक्याची वस्तू जो बाळगतो, तिने अपाय केला तर भरपाईची पहिली जबाबदारी त्याची, असे ठरविले. हा निकाल मनुष्यहानीचा आहे; जळालेल्या पंख्याला तो जसाच्या तसा लावता येईल, असे आम्ही म्हणत नाही. पण ‘नशीब’ हे उत्तर देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयाने स्वीकारले नाही, एवढे ध्यानात ठेवा.

शेवटची गोष्ट खांबावरच्या माणसाची. आपल्यापैकी काहींच्या घरी किंवा दुकानात जनरेटर आहे. वीज गेली की तो सुरू होतो. मध्ये चेंजओव्हर स्विच नसला, तर त्याची वीज उलटी डीपीकडे जाते, आणि डीपी तिचा दाब उलट चढवून अकरा हजार करते. लाइन बंद आहे अशा समजुतीने वर चढलेला वायरमन आपल्या घरच्या विजेने मरतो. वरच्या तारेचा बिघाड आपल्या घरात येतो, तसा आपल्या घरचा बिघाड वरच्या तारेवर जातो. तार एकच आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना माणसे आहेत.

तो पोरगा पुढे आमच्या संघटनेत आला. त्याला रबरी हातमोजे आणि लाइनीला जमिनीशी जोडावयाची साखळी मिळावी, म्हणून आम्ही भांडलो, आणि त्या वेळी वस्तीतील चाळीस घरांनी अर्जावर सह्या केल्या. ज्याने त्याची कॉलर पकडली होती, त्याची सही तिसरी होती. मावशींची पहिली.

घरी जाताना आपापल्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबा आणि डीपीच्या पायाशी पट्टी आहे का, तेवढे पाहा. नसली, तर सकाळी अर्ज द्या.